आई-बाबांसोबत ऐन थंडीत ग्रँड कॅन्यन: तयारीपासून परतीपर्यंत

सासू-सासरे नोव्हेंबरात सांगलीहून आमच्याकडे, टेक्सासमधल्या प्लानोला यायचे ठरले, तेव्हा बाबांची एकच मागणी होती: ग्रँड कॅन्यन दाखवा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरी सगळी कालवे आणि बंधाऱ्यांवर गेली, त्यामुळे नदीने कोरलेली एवढी मोठी दरी त्यांना एकदा डोळ्यांनी बघायची होती. त्यांचं वय ७६, रक्तदाबाची गोळी चालू. आईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा दुखरा. मुलगी चौथीत, मुलगा पाच वर्षांचा. मुलांना सलग सुट्टी नाताळानंतरचीच, म्हणजे जायचं तर ऐन थंडीत.

ओळखीच्या बहुतेकांनी "एवढ्या थंडीत वयस्कर माणसांना कशाला नेता?" असंच विचारलं. मलाही धाकधूक होतीच. जाऊन आल्यावर मात्र मी उलटं सांगते: घरातल्या मोठ्यांना न्यायचं असेल तर हिवाळ्यातच न्या. कारण पुढे येईलच. तोवर आम्ही काय काय केलं ते तारखांसकट लिहिते, कारण मला तयारीच्या वेळी मराठीत असं काही वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये आधी नकाशा घेऊन बसले. ही दरी ४४६ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या वेगवेगळ्या काठांवर जायचे रस्ते एकमेकांपासून फार दूर आहेत. नॉर्थ रिमचा, म्हणजे उत्तर काठाचा, रस्ता बर्फामुळे हिवाळाभर बंद असतो. व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी पाहिलेला काचेचा स्कायवॉक आहे ग्रँड कॅन्यन वेस्टला, हुआलापाय या मूलनिवासी समाजाच्या जमिनीवर. तो राष्ट्रीय उद्यानात येत नाही, त्याचं तिकीट वेगळं, आणि साउथ रिमपासून तो गाडीने चार तासांहून लांब. सांगलीहून प्रत्येक जण त्या पुलाबद्दलच विचारत होता, म्हणून आई-बाबांना फोनवर नकाशा पाठवून हा फरक आधीच सांगून टाकला. वर्षभर उघडा असतो तो साउथ रिम. आम्ही तोच धरला.

मुक्काम कुठे करायचा यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. पर्याय चार: उद्यानाच्या आतलं ग्रँड कॅन्यन व्हिलेज, दक्षिण प्रवेशद्वाराच्या बाहेर लागूनच असलेलं टुसायान, तासाभरावरचं विल्यम्स आणि दीड तासावरचं फ्लॅगस्टाफ. बाहेर राहिलं की पैसे वाचतात, पण रोज सकाळी अंधारात बर्फाळ रस्त्यावरून गाडी काढायची आणि संध्याकाळी तसंच परतायचं. शिवाय आईंना दुपारी पाठ टेकायला लागते. आत खोली असली तर दहा मिनिटांत जाऊन पडता येतं. थंडीत या एका गोष्टीने सगळा फरक पडतो, म्हणून पैसे इथे खर्च करायचे आणि बाकी ठिकाणी वाचवायचे असं ठरवलं.

आतल्या हॉटेलांचं बुकिंग १३ महिने आधी उघडतं. आम्ही बघायला लागलो तोवर नाताळाचा आठवडा भरून गेला होता. पण लोक खोल्या सोडतात. रोज सकाळी चहा घेताना साइट उघडायची सवय लावली आणि सप्टेंबरच्या मध्यावर ३ ते ६ जानेवारीच्या दोन खोल्या मॅस्विक लॉजमध्ये मिळाल्या. नवीन वर्षाची गर्दी ओसरल्यावर दरही जरा उतरतात. आम्हाला एका खोलीला रात्रीचे करांसह साधारण २९० डॉलर पडले. १९०५ सालचं एल तोवार हॉटेल अगदी कड्यावर आहे आणि देखणं आहे, पण तिथे लिफ्ट नाही. आईंसाठी तो विषय तिथेच संपला. मॅस्विकच्या नव्या इमारतीत काही खोल्यांना छोटं स्वयंपाकघर आहे, त्यातली एक मिळाली. लगेच फोन करून तळमजला मागून घेतला आणि तसं लिहिलेली ईमेल मागवली. फोनवरचं "हो, नोंद केली" पुरेसं नसतं, ईमेल हातात हवी.

ऑक्टोबरमध्ये कागदपत्रांना लागलो. आई-बाबांचा दहा वर्षांचा व्हिसा आधीचाच होता, त्यामुळे ती काळजी नव्हती. प्रवासी विम्याचं मात्र बारकाईने वाचावं लागलं. आधीपासूनच्या आजारांवर बहुतेक पॉलिसी सरळ हात वर करतात; काहींत "आधीचा आजार अचानक बळावला तर" एवढ्यापुरतं संरक्षण असतं आणि त्याची मर्यादा वयानुसार खाली येते. सत्तरीनंतर ती किती उरते ते आकड्यात विचारून घ्या. आम्ही ते कलम असलेली पॉलिसी सगळ्या मुक्कामासाठी घेतली. कड्यावरच्या गावात छोटं क्लिनिक आहे, पण मोठं रुग्णालय फ्लॅगस्टाफला, म्हणजे १३० किलोमीटर लांब. हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

सांगलीच्या डॉक्टरांना बाबांनी मुद्दाम उंचीबद्दल विचारलं. साउथ रिम समुद्रसपाटीपासून २१०० मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरापेक्षाही उंचावर आपण गाडीने जाऊन झोपणार असतो, आणि हे बऱ्याच जणांच्या ध्यानीमनी नसतं. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या: एका दमात वर चढू नका, पाणी पीत राहा, पहिल्या दिवशी चालायला जाऊ नका. म्हणूनच वाटेत फ्लॅगस्टाफला एक मुक्काम घातला. ते शहरही जवळपास त्याच उंचीवर आहे, आणि तिथे रुग्णालय आहे.

प्रवेशाचा पास लेकीमुळे फुकट मिळाला. अमेरिकेत चौथीत शिकणाऱ्या मुलांना सरकार वर्षभराचा मोफत पास देतं आणि त्यावर गाडीतलं सगळं कुटुंब आत जातं. साइटवर मुलांनी एक छोटा उपक्रम पूर्ण केला की पावती तयार होते. आम्ही गेलो तेव्हा ती कागदावर छापूनच न्यावी लागायची, मोबाइलवरचा फोटो चालत नव्हता. प्रवेशद्वारावर ती देऊन खरं कार्ड मिळायचं. एरवी एका गाडीला सात दिवसांचे ३५ डॉलर लागतात.

आई-बाबा नोव्हेंबरमध्ये पोचले आणि कपड्यांची खरेदी सुरू झाली. जानेवारीत कड्यावर दुपारी पाच-सहा अंश, रात्री उणे सात-आठ. एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा आत अंगाला चिकटून बसणारा थर्मलचा जोड, मग लोकर, मग वारा अडवणारं जॅकेट असे थर बरे, कारण गाडीत आणि खोलीत हीटर असतो आणि मोठ्या माणसांना उकाडाही सोसत नाही. आई साडीच नेसतात. साडीच्या आत थर्मलची विजार, लोकरीचे मोजे, पायात घोट्यापर्यंतचे बूट, असं करून त्यांनी सगळे दिवस काढले आणि त्यांना थंडी वाजली नाही. बुटांच्या तळाला ताणून बसवायच्या काटेरी पट्ट्या घरूनच घेतल्या, जोडीला २५ डॉलरच्या आसपास. त्या गावातल्या जनरल स्टोअरमध्येही मिळतात. घरी गालिच्यावर बसून चार वेळा काढायचा-घालायचा सराव केला, कारण बाहेर गारठलेल्या बोटांनी ते जमत नाही.

आईंना व्हीलचेअरचं नाव काढलेलं आवडत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "आई, ती चालता येत नाही म्हणून नाही. जास्त बघता यावं म्हणून आहे." मग तयार झाल्या. मंडळातल्या एका काकूंनी त्यांची घडीची खुर्ची दिली. विमानात ती सामानात फुकट जाते. उद्यानाच्या व्हिजिटर सेंटरमध्येही खुर्च्या बिनपैशात वापरायला देतात, पण मोजक्याच असतात.

२ जानेवारीला सकाळच्या विमानाने डॅलसहून फिनिक्स. दोन्ही विमानतळांवर आई-बाबांसाठी मदतनीस आधीच नोंदवले होते. फिनिक्सला टर्मिनलपासून भाड्याच्या गाड्यांच्या केंद्रापर्यंत स्काय ट्रेन जाते, बसमध्ये सामान चढवावं लागत नाही. गाडी घेताना मात्र तासभर गेला. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी मागितली होती आणि काउंटरवर साधी एसयूव्ही पुढे केली. करारात "किंवा तत्सम" लिहिलेलं असतं त्याचा हा अर्थ. आम्ही नम्रपणे पण ठामपणे उभे राहिलो आणि शेवटी हवी ती मिळाली. टायरांच्या खाचा बघून घ्या, काच खरवडायची पट्टी मागून घ्या, आणि काच धुवायचं पाणी न गोठणारं आहे का ते विचारा.

फिनिक्समध्ये ऊन होतं, रस्त्याकडेला हात वर केलेले सग्वारो निवडुंग. दोन-अडीच तासांत रस्ता जवळपास १८०० मीटर चढतो. निवडुंग मागे पडतात, मग झुडपं, मग उंच पाइन आणि त्यांच्या बुंध्याशी बर्फ. वाटेत दोनदा थांबलो, पाणी प्यायलो. फ्लॅगस्टाफला पोचल्यावर मुलीचं डोकं दुखायला लागलं आणि थोडं नाकातून रक्त आलं. कोरड्या हवेने येतं तसं. नाकपुडीला आतून खोबरेल तेलाचं बोट लावलं, वरणभात खाऊन ती झोपली आणि सकाळी ठणठणीत होती. मोठ्यांपेक्षा मुलांनाच उंची बाधली, हे मला अनपेक्षित होतं.

३ तारखेला मुद्दाम उशिरा, ऊन वर आल्यावर निघालो. जवळचा रस्ता डोंगराकडेने जातो, पण आम्ही विल्यम्सवरून जाणारा मोठा रस्ता धरला. ॲरिझोनाच्या रस्त्यांची ताजी स्थिती सांगणारी सरकारी साइट आहे, ती निघण्याआधी बघितली. दुपारी एकला आत होतो. कागदी पावती दिली, लेकीला तिच्या नावाचं कार्ड मिळालं, तिने त्यावर सही केली. "आजोबा, आज मी तुम्हाला घेऊन आले," हे तिने दिवसभर ऐकवलं.

मॅदर पॉइंटला गाडी लावून खुर्ची काढली. वाट साफ केलेली होती, फक्त सावलीतले पट्टे निसरडे. कठड्याशी गेलो. दरीबद्दल कितीही वाचलं तरी तिच्या रुंदीचा अंदाज येत नाही. पलीकडचा काठ सोळा-सतरा किलोमीटरवर, आणि मधे लाल, करडे, हिरवट सुळके एकामागे एक. वरच्या थरांवर बर्फाच्या रेघा होत्या, त्यामुळे प्रत्येक थर वेगळा दिसत होता. आईंनी हात जोडले. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "नदी कुठाय?"

तिथून नदी धड दिसत नाही. दीड किलोमीटर खाली, आतल्या अरुंद घळीत ती वाहते. "परवा दाखवते बाबा," मी म्हटलं. नदी कुठल्या ठिकाणावरून दिसते ते मी आधीच काढून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी एवढंच. खोलीवर येऊन मुगाची खिचडी टाकली. या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ घेतात. मूग डाळ दुपारीच भिजत घातली होती म्हणून निभावलं. बरोबर मेतकूट, खाकरे, भाजणीचं पीठ आणि आईंनी केलेले तिळाचे लाडू होते. आतल्या फूड कोर्टमध्ये शाकाहारी काहीतरी मिळतं, पण मोठ्यांना रात्री गरम, मऊ, ओळखीचं अन्न मिळालं की झोप लागते आणि दुसरा दिवस चांगला जातो.

४ तारखेला पडदा सरकवला तर बाहेर पांढरं. रात्री भुरभुर बर्फ पडलं होतं आणि दरी ढगांनी काठोकाठ भरली होती. कठड्याशी उभं राहिलं तर पाच फुटांपलीकडे काही नाही. हिवाळ्यात असं होतं. ढग कधी तासात हटतात, कधी दिवसभर बसून राहतात. म्हणूनच एक दिवसाची धावती सहल थंडीत करू नका, कमीत कमी दोन रात्री ठेवा. त्या सकाळी आसपासचे बरेच जण गाडीत बसून निघून गेले, त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं.

आम्ही ब्राइट एंजल लॉजमध्ये गेलो. मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी ते १९३५ मध्ये उभारलं. तिथल्या एका दालनात शेकोटीची दगडी भिंत आहे. तळाशी नदीपात्रातले गोटे, त्यावर दरीतल्या खडकांचे थर जसे आहेत त्याच क्रमाने, वर छताजवळ कड्यावरचा चुनखडक. बाबांनी नातवंडांना समोर बसवलं आणि काठीने एकेक थर दाखवत समजावून सांगितलं. अख्खी दरी एका उबदार खोलीत. आईंना बसायला बाक, जवळच स्वच्छतागृह. बाहेर ढग असोत वा ऊन, मोठ्यांना घेऊन आधी इथे यावं असं मी सांगेन.

दुपारी बारानंतर ढग हलले. आम्ही यावापाई भूविज्ञान संग्रहालयात होतो. कड्याच्या टोकावर काचेच्या मोठ्या खिडक्या, आत हीटर. ढगांना भोक पडायचं आणि त्यातून लाल कडा दिसायचा, मग बुजायचं, मग दुसरीकडे उघडायचं. अर्ध्या-पाऊण तासात दरी मोकळी झाली. खिडकीखालच्या फलकांवर समोरच्या सुळक्यांची नावं आहेत: ब्रह्मा टेंपल, झोरोॲस्टर टेंपल, पूर्वेला दूर विष्णू टेंपल. क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात अशी नावं द्यायची प्रथा पाडली. ही दरी शतकानुशतकं हावासुपाई, होपी, नवाहो अशा समाजांची आहे आणि त्यांची स्वतःची नावं आहेत, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं.

संग्रहालयापासून गावाकडे कड्याच्या कडेने एक डांबरी वाट जाते, ट्रेल ऑफ टाइम. जमिनीत पितळी खुणा बसवल्यात. एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं मागे. वाटेकडेला त्या त्या काळाचा खरा दगड ठेवलेला, हात लावून बघायचा. बाबा खुणा मोजत चालले आणि ६६ पाशी थांबले. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांचा. "म्हणजे आपला डोंगर इथे," असं म्हणून त्यांनी मागे पाहिलं. संग्रहालयाचं दार अगदी जवळ होतं. आम्ही ज्या कैबाब चुनखडकावर उभे होतो, त्याची खूण आणखी दोनशे मीटर पुढे, २७० ला. कड्यावरचा सर्वांत वरचा, सर्वांत तरुण थर एवढा जुना. हे पुस्तकात वाचून मला कधी कळलं नसतं. बाबांच्या पावलांबरोबर चालताना कळलं.

वाट दोन किलोमीटरची, खुर्चीला सोपी, पण आईंना वारा लागू नये म्हणून नवऱ्याने त्यांना गाडीने पुढच्या टोकाला नेलं. तिथे तळाचे खडक आहेत: विष्णू शिस्ट, ब्रह्मा शिस्ट, रामा शिस्ट. वय १७० कोटी वर्षांहून जास्त. विष्णू शिस्टचा दगड काळसर करडा, वाकडेतिकडे पट्टे, त्यात अभ्रकाचे बारीक कण चमकत होते. आईंनी हातमोजा काढला, पंजा पूर्ण टेकवला आणि म्हणाल्या, "बर्फासारखा गार आहे गं." मुलानेही मोजा काढून आजीच्या हाताशेजारी हात ठेवला.

५ तारीख हर्मिट रोडसाठी राखून ठेवली होती, आणि हिवाळ्याचा माझा आग्रह आहे तो याच रस्त्यामुळे. ११ किलोमीटरचा हा रस्ता कड्याला धरून पश्चिमेकडे जातो. मार्च ते नोव्हेंबर तिथे खासगी गाड्यांना बंदी असते, फक्त बस. रांगा, चढउतार, गर्दी. १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर मात्र स्वतःची गाडी नेता येते. उन्हाळ्यातही अपंगत्व असलेल्यांना वेगळा परवाना मिळतो, पण थंडीत त्याचीही गरज नाही. प्रत्येक ठिकाणी गाडी लावायची, चार पावलं चालायचं, बघायचं, परत हीटरमध्ये. आईंनी ट्रेलव्ह्यू, पॉवेल, होपी, मोहावी सगळं बघितलं. स्वच्छतागृहं होपी पॉइंटला आणि शेवटी हर्मिट्स रेस्टला, एवढीच. त्यानुसार चहा-पाणी ठरवा.

मोहावी पॉइंटला मी दुर्बीण बाबांच्या हातात दिली. खाली, काळ्या घळीच्या तळाशी, कोलोराडो. एक वळण, त्यात फेसाळलेले पांढरे पट्टे. बाबांनी कठड्यावर कोपरं टेकली आणि नदी कुठून येते, कुठे अडते, कोणता ओढा दगड आणून टाकतो आणि त्यामुळे तिथे खळाळ कसा होतो, हे नवऱ्याला सांगत राहिले. पंचवीस मिनिटं तरी गेली असतील. त्यांचे कान लाल झाले होते, मी कानटोपी खाली ओढून दिली तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. पुढे पिमा पॉइंटला वारा पडला होता, तिथे नदीचा आवाज वरपर्यंत आला. हर्मिट्स रेस्टच्या मोठ्या दगडी शेकोटीजवळ बसून सगळ्यांनी गरम चॉकलेट घेतलं.

संध्याकाळी मुलांनी ज्युनियर रेंजर या उद्यानाच्या मुलांसाठीच्या उपक्रमाची पुस्तिका भरून दिली, शपथ घेतली, बिल्ले मिळवले. बाबांनी त्या रेंजरबाईंना विचारलं, "इथे प्यायला पाणी कुठून येतं?" त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि नकाशा पसरला. कड्यावरच्या प्रत्येक नळाचं पाणी पलीकडच्या, नॉर्थ रिमखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज झऱ्यातून येतं. २० किलोमीटरची नळवाहिनी दरीत उतरते, नदी ओलांडते आणि पंपांनी वर चढते. १९६० च्या दशकातली ही वाहिनी वारंवार फुटते, आता तिचं मोठं काम सुरू आहे. बाबांनी उताराबद्दल, दाबाबद्दल प्रश्न विचारले, नवऱ्याने भाषांतर केलं. रात्री खोलीत दात घासताना नळ कोणी उघडा ठेवला तर ते लगेच बंद करत होते.

६ तारखेला सकाळी डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्याने पूर्वेला निघालो. बर्फ जास्त झालं तर हा रस्ता तात्पुरता बंद करतात, चौकशी करून निघा. टोकाला कोल्टरबाईंचाच १९३२ सालचा दगडी टेहळणी मनोरा आहे, आत होपी चित्रकार फ्रेड काबोटी यांची भित्तिचित्रं. मी आणि मुलं वर चढलो, आई-बाबांनी तळमजल्यावरून बघितलं. मग कॅमेरनमार्गे फ्लॅगस्टाफ, फिनिक्स आणि रात्रीचं विमान. परतीचं गणित असं बसवा की डोंगरी भाग उजेडातच संपेल. जानेवारीत साडेपाचलाच अंधारून येतं, रस्त्यावर एल्क ही मोठाली हरणं उतरतात आणि दिवसा वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं.

सहा जणांचा खर्च: विमान साधारण १३००, आतल्या दोन खोल्या १७४०, फ्लॅगस्टाफ २६०, गाडी आणि पेट्रोल ५७०, खाणं ३५० डॉलर. विमा वेगळा.

आमच्या सहलीनंतर दोन गोष्टी घडल्या आहेत, त्या लक्षात घ्या. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना ग्रँड कॅन्यनसह ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर पडतात. नाहीतर त्यांच्यासाठी २५० डॉलरचा वार्षिक पास आहे. रहिवाशांसाठी तो ८० डॉलरच आहे. व्हिसावर आलेले आई-वडील यात येतात, तेव्हा तुमच्या पासवर त्यांना कसं धरलं जाईल हे उद्यानाच्या साइटवर वाचूनच निघा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. दुसरं, डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला तीच नळवाहिनी फुटल्यामुळे साउथ रिमवरचे हॉटेलमुक्काम थांबवावे लागले होते. म्हणून आतलं बुकिंग मिळालं तरी टुसायान किंवा विल्यम्सला पैसे न कापता रद्द करता येईल अशी एक खोली धरून ठेवा, आणि निघायच्या आठवड्यात उद्यानाच्या सूचना रोज बघा. हिवाळ्यात टुसायानहून आत येणारी मोफत बस नसते, तिथे राहिलात तर गाडी लागतेच.